दादाच्या सासऱ्यांची हरकत

परमेश्वराने पृथ्वी घडवताना निचऱ्याचं काम आमच्या दादाच्या सासऱ्यांकडे दिलं असतं, तर पृथ्वी आजही अर्धवटच राहिली असती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. समुद्र भरायला घेतला की त्यांनी देवाचा हात धरला असता आणि विचारलं असतं, "भरा, पण पाणी जाणार कुठं?" दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याच्या सासऱ्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. किहीमच्या अलीकडे आमचं गाव, आणि दादाची सासुरवाडी त्याच गावात, आमच्या वाडीच्या खालच्या अंगाला, खाडीच्या बाजूला. आबा आयुष्यभर बस स्टँडवर कंट्रोलर होते, त्यामुळे घरातसुद्धा कर्ण्यातून बोलल्यासारखे बोलतात. "पानं वाढलीत" हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं की माणूस पिशवी उचलून फलाट शोधायला लागतो. पण गाड्यांत त्यांचा जीव कधी रमला नाही. त्यांचा जीव पाण्याच्या उतारात.

कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी ते त्या घरच्या विहिरीचं पाणी मागतात. तांब्या वर धरून, डोळे मिटून एक घोट घेतात आणि मग निकाल देतात. "गोड हाय." "जरा मचूळ झालंय, उपसा कमी करा." यजमानांनी नवीन सोफा घेतला असो की मुलगी परदेशातून आलेली असो, निकाल लागेपर्यंत दुसरा विषय निघत नाही. माझ्या डोंबिवलीच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा नळाचं पाणी बराच वेळ तोंडात घोळवून शेवटी म्हणाले, "ह्या पाण्याला गावच न्हाय." माझी बायको त्यानंतर दोन दिवस फिल्टरकडे संशयाने बघत होती. खुद्द दादाच्या लग्नात अंतरपाट धरला, भटजींनी आवाज लावला, आणि मुलीचे वडील जागेवर नाहीत. शोधाशोध झाली तर आबा मांडवामागे, रेशमी सोवळं गुडघ्याच्या वर खोचून, हातात फावडं. पंगतीचं हात धुवायचं पाणी बोहल्याकडे येत होतं म्हणून त्यांनी चर खणायला घेतला होता. भटजींना मंगलाष्टकं पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागली. चर मात्र असा उत्तम उतरला होता की मांडव निघाल्यावरही शेजाऱ्यांनी तो बुजवला नाही.

ते नेहमी बरोबर असतात असं मात्र नाही. गावात नवी शाळा बांधली तेव्हा ही इमारत दोन पावसाळ्यांत खचणार असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्या शाळेतून शिकून गेलेल्यांची पोरं आता तिथे शिकतायत. कुणी आठवण करून दिली तर आबा शांतपणे म्हणतात, "थांबा की. घाई काय हाय?"

अशा माणसाच्या उशाशीच आम्ही प्लॉट पाडायला निघालो. वाडी दादाची आणि माझी सामाईक. मला निवृत्तीनंतर गावी घर बांधायचं होतं, दादाला मुलासाठी वेगळी जागा हवी होती, आणि दोघांच्याही अंगात आता नारळ सांभाळायची ताकद उरली नव्हती. म्हणून ठरलं, की जमीन बिनशेती करून घ्यायची, मोजके लहान प्लॉट पाडायचे, दोन आपल्याला ठेवायचे, बाकीचे द्यायचे. अलिबागच्या एका आर्किटेक्टने नकाशा काढून दिला. वहीतल्या समासासारखा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना चौकोन. नकाशा इतका देखणा होता की दादाने तो ओटीवर लावला.

आबा जेवायला आले होते. हात पुसता पुसता नकाशासमोर उभे राहिले आणि त्यावरून बोट फिरवत गेले. मग विचारलं, "व्हाळ कुठं हाय ह्यात?"

वाडीच्या मधून एक व्हाळ जातो. व्हाळ म्हणजे ओहोळ. वर्षातले आठ महिने कोरडा, पाचोळ्याने भरलेला. कोंबड्या त्यात लोळतात. दादा म्हणाला, "आबा, तो बुजवायचाय. रस्ता भराव टाकून उचलणार आहोत."

"बुजवशील. पण पाणी जाणार कुठं?"

"जाईल कुठंतरी," दादा म्हणाला, आणि इथे तो फसला. हे उत्तर आबांना देणं म्हणजे भटजींना नक्षत्र कुठलंही चालेल असं सांगण्यासारखं आहे. आबा त्या दिवशी दहीभात न घेताच पानावरून उठले, आणि पुढच्या आठवड्यात तालुक्याला जाऊन जावयाच्या बिनशेतीच्या अर्जावर रीतसर हरकत घेऊन आले.

गावात याची फार चर्चा झाली. सासरा जावयाचे पाय धुतो हे सगळ्यांनी बघितलं होतं. सासऱ्याने जावयावर हरकत घेतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. दादाचा चेहरा उतरला. "परक्यानं केलं असतं तर भांडलो असतो," तो मला म्हणाला, "ह्यांच्याशी कसा भांडू?" म्हणून त्याने बोलणंच टाकलं. समोरून आबा आले की हा नारळाच्या झावळ्या मोजत उभा राहायचा. आबा आपल्या जागी ठाम होते. "जावई जावयाच्या जागी, पाणी पाण्याच्या जागी," एवढंच ते म्हणायचे. वहिनीला लोक विचारायचे, तू कुणाच्या बाजूची? ती म्हणायची, "मी सैपाकाच्या बाजूची. दोघांनाही इथंच जेवायचंय." पण भाकरी थापताना तिचा हात मधेच थांबलेला मी पाहिला आहे. आबा जेवायला यायचे बंद झाले होते, आणि ती रोज त्यांचा डबा झाकून स्वतः नेऊन देत होती.

हरकतीमुळे जागेची पर्यावरणाच्या दृष्टीने पाहणी होणार असं कळवण्यात आलं. दादाने धसकाच घेतला. समुद्र जवळ, खाडी जवळ. एखादी रेघ इकडची तिकडे झाली की सगळी वाडी बांधकामातून बाद होईल, माझं घरही जाईल आणि त्याच्या मुलाचंही. ठरल्या दिवशी एक तरुण मॅडम आल्या. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर टोपी, बरोबर मोजणीचं सामान. आबा त्यांच्या आधीच छत्री घेऊन व्हाळात उभे होते.

मॅडमनी आधी विहीर बघितली आणि पाण्याचा नमुना बाटलीत भरून घेतला. आबा म्हणाले, "बाटलीत काय कळणार? पिऊन बघा." दादाने कपाळाला हात लावला. मॅडमनी खरोखरच ओंजळ पुढे केली, प्यायल्या आणि म्हणाल्या, "गोड आहे. समुद्र एवढा जवळ असून." आबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिलं नव्हतं.

पण लगेच त्यांचं वाजलंही. आबांचं म्हणणं, ही सगळीच वाडी मूळची खाडी, इथे एकही वीट नको. मॅडमनी खड्डा करून खालची माती दाखवली, भरतीच्या रेषेचा नकाशा उलगडला आणि सौम्यपणे सांगितलं, "आजोबा, इथपर्यंत खाडी नव्हती. वरची बाजू पक्की आहे." आबा वाद घालत राहिले, त्या ऐकत राहिल्या, आणि शेवटी आबा म्हणाले, "बरं. मग खाली चला."

ते आम्हाला वाडीच्या टोकाला घेऊन गेले. पुढे चिखल आणि कांदळवन, दुसरं काही नाही. आबांनी छत्रीने दाखवलं. "ते झाड दिसतं, त्याच्या पलीकडं आमचं भातशेत होतं. वरच्या शेतवाल्यांनी बांध घातला, पाण्याची वाट मोडली. पावसाचं पाणी तुंबलं, उधाणात आमचा बांध फुटला आणि खारं पाणी आत आलं. ते परत गेलंच न्हाय. माझा बाप रोज सकाळी इथं येऊन बसायचा." आवाज नेहमीचा कर्ण्याचा नव्हता. मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होतो, आणि दादा तर जावई. हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. दादा चिखलाकडे बघत होता.

निकाल लागेपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. मग कागद आला. वाडी बाद झाली नव्हती. व्हाळ उघडा ठेवायचा, रस्त्याखालून पाणी जायला मोठी मोरी घालायची, व्हाळाच्या तोंडाशी असलेली जागा झाडांसकट मोकळी सोडायची, बोअर मारायच्या नाहीत, शौचालयाच्या टाक्या विहिरीपासून लांब. दोन प्लॉट कमी झाले. दादाने कागद मला दोनदा वाचायला लावला, मग ओटीवर आडवा झाला आणि दुपारभर असा झोपला की वहिनी अधूनमधून येऊन बघून जात होती. सरळ रस्त्याचा नकाशा निघाला. नव्या नकाशात रस्ता व्हाळाला मान देऊन जरा वाकला होता.

रस्ता झाल्यावरच्या श्रावणात अमावास्येचं उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी आले. दुपारी दादा आणि मी मोरीपाशी उभे होतो. वरून तांबडं पाणी धावत आलं, मोरीच्या तोंडाशी क्षणभर घुटमळलं, आणि घरघरत खाली निघून गेलं. छातीवरचा धोंडा उतरावा तसं झालं. बघतो तर पलीकडे आबा उभे, छत्रीसकट भिजलेले. त्यांनी पाण्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं नाही.

दादा म्हणाला, "आबा, चला. तिनं भजी टाकलीत."

"व्हय," आबा म्हणाले, "चला." आणि दादाने त्यांचा हात धरून त्यांना चिखलातून अलीकडे आणलं. कित्येक महिन्यांनी वहिनीने दोन पाट शेजारी मांडले. त्या दिवशी ती स्वतःही आमच्याबरोबरच जेवायला बसली.

माझं घर आता उभं आहे. आबा मात्र इथे नाहीत. गुडघे गेले, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, म्हणून त्यांच्या मुलाने त्यांना पनवेलला नेलंय, एका उंच इमारतीत. तिथे त्यांची सगळी सोय आहे आणि तक्रार अशी ते करत नाहीत. परवा फोन केला तेव्हा इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "इथं भरती कधी येते ते कळतच न्हाय रे."

मी फोन घेऊन वाडीच्या टोकापर्यंत चालत गेलो. कांदळवनाच्या मुळांतून पाणी हळूहळू वर सरकत होतं.

"आत्ता चढतेय, आबा," मी म्हटलं.

मग फोन पाण्याच्या बाजूला धरला. पाणी माझ्या पायांशी येईपर्यंत आबांनी फोन ठेवला नाही.