गिझर घेण्याआधीची सहा वर्षं

स्वतःच्या घरात गिझर नसताना गिझरबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस या जगात कुठे सापडेल, असं कुणी मला विचारलं, तर मी डोळे मिटून मुलुंडचा पत्ता देईन. दुसरा मजला, दारात गवती चहाची कुंडी, आणि बेल वाजवली की दार उघडायच्या आधी आतून येणारे दोन प्रश्न, "कोण? कशासाठी?" हे माझ्या बायकोचे मामा. लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी मला नुसतं पाहिलं, तपासलं ते मामांनी. माझा पगार, शिक्षण, घराचा हप्ता यातलं काहीएक न विचारता ते म्हणाले, "अंघोळीचं पाणी कशावर तापवता?" मी म्हटलं, गिझरवर. "कुठल्या कंपनीचा?" आता आली का पंचाईत! मी म्हटलं, "नाव नाही आठवत, पांढरा आहे." त्यावर मामांनी माझ्या होणाऱ्या सासूबाईंकडे असं काही पाहिलं, की लग्न मोडलंच असं मी धरून चाललो.

त्यात त्यांची तरी काय चूक म्हणा. सगळी हयात त्यांनी बॉयलरजवळ काढली. मुलुंडच्या एका कारखान्यात ते बॉयलर अटेंडंट होते, रीतसर परीक्षा पास झालेले. आता त्या जागी उंच टॉवर आहे आणि खाली पोहण्याचा तलाव आहे. मामा तिथून जाताना नेहमी एका ठराविक खांबापाशी थांबतात आणि म्हणतात, "इथे माझं स्टूल होतं." बॉयलर हाऊसचा विषय निघाला की हा माणूस आपल्यात उरत नाही. हातातल्या चहाच्या वाफेकडे बघत बसतो, चहा गार होतो, साय धरते, मामी येऊन कप उचलून नेते, तरी बोटं कप धरल्यासारखीच. कधी अचानक म्हणतात, "वाफ दिसते ती खरी वाफ नव्हे, जावईबापू. खरी वाफ दिसत नाही. पाइपाला हात न लावता ती आहे हे ज्याला कळतं, तो अटेंडंट." असं बोलणं ऐकून मला उगाचच शांत झोप यायला लागते. त्यांचे नियम दोनच. पेटलेला बॉयलर एकटा सोडायचा नाही, आणि पुढच्या पाळीचा माणूस येऊन, काचेतली पाण्याची लेव्हल बघून, "चार्ज घेतला" असं तोंडाने म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. एकदा म्हणे पावसामुळे पुढचा माणूस आलाच नाही, तर मामा लागोपाठ तीन पाळ्या बसून राहिले. मामीने डबा पाठवला, तोही स्टुलावरच खाल्ला.

अशा माणसाच्या घरी गिझर का नव्हता? तर ते निवडत होते. सहा वर्षं! या मुदतीत माझी मुलगी जन्मली, चालायला लागली, शाळेत जाऊन उलट उत्तरं द्यायला शिकली, आणि मामा अजून निवडतच होते. तोवर पाणी गॅसवर. मामीला संधिवात आहे. सकाळी उठते तेव्हा हाताच्या मुठी वळलेल्याच असतात, बोटं उघडत नाहीत. कडकडीत पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसलं की हळूहळू एकेक बोट सुटतं, मग तिचा दिवस सुरू होतो. म्हणून रोज पहाटे मामा मोठं पातेलं गॅसवर चढवणार, शेजारी स्टूल टाकून बसणार, आणि उकळी आली की दोन फडक्यांनी पातेलं धरून मोरीपर्यंत नेणार. वय अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांनी बजावलेलं, वजन उचलायचं नाही, हृदयाला झेपणार नाही. बायको मला रोज टोचायची, "तू जा ना यार, समजाव ना मामाला. एक दिवस ते पातेलं घेऊन पडला तर?" मी समजवायला जायचो आणि थर्मोस्टॅटवर व्याख्यान ऐकून परत यायचो.

मामांचं म्हणणं एवढंच, की गिझर सगळेच चांगले असतात, पहिल्या दिवशी. खरी कंपनी कळते ती बिघडल्यावर. "नवरा-नवरी हौसेच्या दिवशी बघू नयेत, आजारपणात बघावेत," असं ते म्हणत. त्यामुळे दुकानात जाऊन गिझर बघणं त्यांना पोरकट वाटे. ते सकाळी दहा वाजता, कपडे करून, केस विंचरून, कंपन्यांच्या मदतकेंद्रांना फोन करायला बसत. कंपन्यांची खरी नावं त्यांनी कधीच घेतली नाहीत. फोनवर थांबवून ठेवताना जे वाजतं त्यावरून त्यांनी बारसं केलं होतं. एक बासरीवाली, एक सतारवाली, आणि एक मुकी, म्हणजे जिथे काहीच वाजत नाही. बासरी त्यांना फार आवडायची. एकदा मी गेलो तर फोन कानाला लावून, डोळे मिटून, मान डोलावत बसलेले. मी काही बोलणार तोच त्यांनी बोट ओठावर ठेवलं. वीस मिनिटांनी पलीकडून कुणीतरी बोललं, तर हे दचकून म्हणाले, "थांबा हो जरा, संपू द्या!" मामी आतून म्हणाली, "बघा, एवढं माझं कधी ऐकलं नाही."

आणि प्रश्न तरी कसले! "समजा, घरात बाई एकटी आहे. वय पंचाहत्तर. इंग्रजी येत नाही. हिंदी भाजी घेण्यापुरतं. बोटं वळत नाहीत, तर एक दाबा, दोन दाबा तिला जमणार नाही. तिने फोन केला तर तुम्ही काय कराल?" पलीकडची मुलगी विचारायची, सर, गिझरचा नंबर सांगा. "गिझर नाहीये." मग तक्रार कसली? "तक्रार नाही. समजा म्हटलं ना." हा 'समजा' ऐकून किती जणींनी फोन ठेवला असेल, देव जाणे. मला हसू यायचं. आम्ही सगळेच हसायचो. घरगुती जेवणावळीत मामांच्या फोनची नक्कल हा माझा ठरलेला कार्यक्रम होता.

एकदा तर कहर झाला. सतारवालीने खरंच तक्रार नोंदवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दारात मिस्त्री उभा. पिशवी, पाने, टेस्टर, सगळा सरंजाम. निघाला मामांच्याच देवगडकडचा. बाथरूममध्ये जाऊन, चारी भिंती बघून, बाहेर येऊन म्हणतो कसा, "काकानू, गिझर खय आसा?" मामा शांतपणे म्हणाले, "अजून घेवचो आसा." "मगे माका कित्याक बोलावलास?" "तू येतंस की नाय, तां बघूक." दुसरा कुणी असता तर पिशवी आपटून गेला असता. पण मामांनी त्याला बसवलं, मामीने पोहे केले, दोघांनी गावच्या जत्रेची, मग कॉइलवर चढणाऱ्या क्षारांची इतकी चर्चा केली की त्याचे पुढचे दोन कॉल राहिले. जाताना तो मामांच्या पाया पडला! तेव्हापासून तो दर गणपतीत येतो. पण सतारवाली मात्र मामांनी बाद केली. कारण काय, तर मिस्त्री चांगला, पण गिझर नसलेल्या घरी माणूस पाठवणारी कंपनी वहीत नीट बघत नाही.

मुक्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर मरोळला आहे हे कळलं, तर तेही बघायला निघाले. मला ऑफिसला दांडी मारायला लावली. रिक्षात मांडीवर एक बाटली, तिच्यात इमारतीच्या बोअरचं पाणी. पवईच्या तलावाजवळ आल्यावर पाण्यावरच्या धुक्याकडे बघत म्हणाले, "केवढं पाणी, आणि सगळं गार." औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात जाऊन त्यांनी काय केलं असेल? कपाटं उघडायला लावली. दहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलची कॉइल आहे का, दाखवा. होती. बाटलीतलं पाणी काउंटरवरच्या बाईंना दिलं, म्हणाले, या पाण्यात कॉइल किती टिकेल, खरं सांगा. बाईंनी बाटली उजेडात धरली, हलवली, आणि म्हणाल्या, "काका, फार नाही टिकणार. दरवर्षी साफ करून घ्यावी लागेल." मामा बाहेर येऊन पायरीवर बसले. मी म्हटलं, झालं ना आता? घ्या हाच. म्हणाले, "खरं बोलणारी माणसं आहेत. अजून थोडं बघू." माझ्या डोक्यात तिडीक गेली. परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, ते रिक्षाबाहेरचं कुठलंसं धुराडं बघत होते.

आणि पुढच्याच रविवारी त्यांनी मला छळलं. सकाळी सातला फोन. "जावईबापू, लगेच या." एवढंच, आणि ठेवला. मी घाटकोपरहून, दात न घासता, शर्टाची बटणं रिक्षात लावत, मनात नको नको ते आणत धावलो. दार उघडलं तर मामा ठणठणीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "बेचाळीस मिनिटं. बरं आहे. बसा, चहा घ्या." काम काय होतं? काही नाही! असा मी भडकलो म्हणता, चहाला हात न लावता निघून आलो. बायकोला सांगितलं, तुझा मामा आता पार कामातून गेला.

मग एका सकाळी व्हायचं तेच झालं. पातेलं नेताना मामांचा पाय घसरला. नशीब, पाणी पायावर न पडता बाजूला सांडलं. मामी वळलेल्या मुठींनी त्यांना उठवायला गेली आणि दोघंही ओल्या फरशीवर बसून राहिली. शेजाऱ्यांनी मला कळवलं. मी पोचलो ते तोंड सोडूनच. मी म्हटलं, "बस झालं तुमचं संशोधन! सहा वर्षं त्या बाईला तंगवलंत. आज मी जातो आणि समोर दिसेल तो गिझर उचलून आणतो!" मोठ्यांशी असं बोलू नये हे मला कळतं, पण बोललो. मामा खाली बघत होते. तसेच म्हणाले, "मी आहे तोवर तिला गिझर कशाला पाहिजे? मी आहे ना. गिझर मी माझ्यानंतरचा बघतोय."

फरशीवर आडवं पडलेलं पातेलं मी उचलून ठेवलं.

"माझं काही झालं, आणि एका सकाळी पाणी तापलं नाही," ते म्हणाले, "तर हिची बोटं उघडणार नाहीत. बोटं उघडली नाहीत तर फोन कसा लावेल? लावला तर कोण उचलेल? उचलला तर कोण येईल? चार्ज कुणाच्या हातात देतोय ते बघायला नको?"

ज्या प्रश्नांच्या मी नकला केल्या होत्या ते सगळे प्रश्न एकामागून एक माझ्यासमोर येऊन उभे राहिले. घरात बाई एकटी आहे. वय पंचाहत्तर. अरे देवा. लाज वाटली मला, दुसरा शब्द नाही.

त्याच दिवशी शेवटची परीक्षा झाली. मामांनी फोन स्पीकरवर टाकून मामीच्या हातात दिला आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन बसले, म्हणजे खुणा करायचा मोह नको. मामीने वळलेल्या बोटाच्या मागच्या सांध्याने आकडे दाबले. बासरीवालीकडे बासरीच वाजत राहिली. मुकीकडे दुसऱ्याच घंटेला एका बाईने उचललं. मामी गोंधळून म्हणाली, "पाणी तापत नाही हो." ती बाई म्हणाली, "काकू, आधी बटण बंद करा. केलं? आता ओल्या हाताने कशाला शिवू नका. घरी अजून कुणी आहे का?" आतून मामा बाहेर आले. डोळे भरलेले. म्हणाले, "मशिनचं अजून विचारलं नाही, माणसाचं आधी विचारलं. हाच घ्यायचा."

गिझर आला. बसवायला अर्थातच देवगडचा तो मिस्त्री, दुसऱ्या कंपनीचा असून, सुट्टीच्या दिवशी. मामांनी बटणाशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवला, बॉयलर हाऊसच्या फळ्यावर लिहायचे तशा ठसठशीत अक्षरात. पहिला नंबर कंपनीचा. दुसरा मिस्त्रीचा. तिसरा माझा, आणि त्याच्यापुढे कंसात, '४२ मिनिटं'. तो कागद वाचताना मी किती वेळ तिथे उभा होतो कुणास ठाऊक. मामा मागून म्हणाले, "जावईबापू, म्हणा चार्ज घेतला." मी उगाच हसण्यावारी नेलं. "आधी चहा तर द्या," म्हटलं. त्यांनी दिला.

याला आता दोन हिवाळे झाले. मामा अलीकडे थोडे विसरतात. कधी मुलुंडमध्ये असून कारखान्यात असतात. पण पहाटे उठून गिझरचं बटण दाबायचं, मोरीच्या दाराबाहेर स्टूल टाकायचं आणि लाल दिवा विझेपर्यंत बसायचं, हे चुकत नाही. गेल्या आठवड्यात मी मुक्कामाला होतो. जाग आली तेव्हा मोरीचं दार अर्धवट उघडं, आत मामी बादलीत हात घालून बसलेली, एकेक बोट सुटत होतं, आणि बाहेर येणाऱ्या वाफेत मामा स्टुलावर पेंगत होते. मी जवळ गेलो. पावलांच्या आवाजाने त्यांनी डोळे किलकिले केले, पण बघितलं ते माझ्या पलीकडे कुठेतरी. एरवी मला अहो-जाहो करणारा हा माणूस म्हणाला, "इलंस काय रे?"

मी म्हटलं, "इलंय."

"लेव्हल बघितलंस?"

"बघितली."

ते थांबले. कशासाठी थांबलेत ते मला ठाऊक होतं.

"चार्ज घेतला, मामा."

"मगे मी जातंय," ते म्हणाले, आणि भिंतीला हात लावत उठून, आत जाऊन, पोरासारखे झोपले. लाल दिवा अजून विझला नव्हता. मी स्टुलावर बसलो.