साहेबाने कोरलेला बांध

आखातात, शर्क भागातल्या आमच्या ऑफिसात एक कोकणी इंजिनिअर आहे. इंग्रज साहेबाला मध्ययुगातला सरदार पूर्वज हवा होता आणि याच्या नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट साहेबाच्या सहीवर लटकलेलं, म्हणून शोधायचं काम याच्याकडे आलं. साहेबाच्या मूळ गावचे जमिनीचे, कोर्टाचे जुने कागद वाचताना हा ओरडायचा, "अरे, ही तर आमच्या गावची भाऊबंदकी!" आणि असा हसायचा की पार शहराबाहेरच्या सुलैबियातल्या काचा थरथरायच्या.

परवा सगळ्यांसमोर तो म्हणाला, "सर, सरदार कसला! तुमच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या दंड भरलाय, बांध कोरला म्हणून."

आम्ही घाईघाईने आपापल्या फायलींत डोकं घातलं.

"बांध कोरला म्हणजे?" साहेबाने विचारलं.

याने त्याला खिडकीशी नेलं. खाली साहेबाची गाडी रोजच्यासारखी याच्या पार्किंगमध्ये हातभर घुसली होती. "हे असं, सर."

साहेब हसत सुटला. हसत हसतच त्याने कॉन्ट्रॅक्टवर सही ठोकली; तीही शेजारच्या रकान्यात हातभर घुसली.