लाइनीतली स्टेपनी

"घेऊन जा रे, विचारतोस काय!" असं म्हणून ते व्हॅनचं मागचं दार उघडायचे, जादा चाक बाहेर काढायचे आणि पायाने ढकलून समोरच्याकडे सोडून द्यायचे. चाक उतारावरून घरंगळायचं, घेणारा त्याच्यामागे धावायचा आणि हे दाराला टेकून खदाखदा हसायचे.

म्हसळा ते माणगाव व्हॅनने गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. मानेला घडी घातलेला रुमाल, आरशाला सुकलेली अबोलीची वेणी. त्या मार्गावरच्या व्हॅनच्या लाइनीतले सगळे ड्रायव्हर त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून आम्हीही भाऊच म्हणत असू.

या लाइनीचा एक अलिखित कायदा होता. कुठलीच स्टेपनी कुणा एकाची नव्हती. पंक्चर झालं की पहिली भेटेल त्या व्हॅनला हात करायचा, तिचं चाक लावायचं आणि पुढे जायचं. ते चाक मग नाक्यावर परत यायचं किंवा तिसऱ्याच्याच गाडीला लागायचं. हा कायदा भाऊंनी सुरू केला होता आणि सर्वांत जास्त पाळतही तेच होते.

एकदा एका म्हातारीने चढता चढता विचारलं, "भाऊ, गाडीला तरी चाकं हायत ना, का तीबी दिलीस?"

"चार हायत मावशी. खाली उतरून मोजा, मग बसा."

मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. आमच्या घरी भाताच्या पोत्यांशेजारी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असत आणि अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. एकजूट, सहकार, समान वाटप हे शब्द मी पाठ केले होते. भाऊंच्या लाइनीत ते मला चालताना दिसले. मी त्यांना म्हणालो, "तुमच्यावर पत्रक काढतो."

"नको रं बाबा. उद्या आरटीओचा साहेब येऊन इचारंल, बिनस्टेपनीच्या गाड्या किती. मग?"

आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्यात केवढं खरं होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

भाऊंची एकुलती मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे शेताकडेच्या रस्त्यावरून धावायची. भाऊ व्हॅन हळू चालवत तिच्या मागे दिवे दाखवत जायचे. वयाच्या अटीत बसणारं ते तिचं शेवटचं वर्ष. अलिबागला मैदानी चाचणी होती. तिची आई म्हणाली, पोरीला आदल्या दिवशी एसटीने पाठवू. भाऊ चिडले. "माझी गाडी दारात असताना माझी पोरगी एसटीने जाणार?"

आदल्या संध्याकाळी लाइनीतला एक ड्रायव्हर मुंबईचं भाडं घेऊन निघाला होता. त्याने स्टेपनी मागितली. भाऊंनी दार उघडलं.

सकाळी मीही गाडीत होतो. मला अलिबागला छापखान्यात काम होतं. माणगाव यायच्या आधी, वस्ती नसलेल्या वळणावर मागचं चाक बसलं. भाऊ शांतपणे उतरले, जॅक लावला आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले.

समोरून लाइनीतलीच व्हॅन आली. ड्रायव्हरने कपाळाला हात लावला. "भाऊ, माझी त्या कोपऱ्यावरच्या अन्याकडं हाय."

दुसरी आली. "मी तर तुमच्याकडनंच घ्यायचो की हो! पोरीला बसवा, मी वळवतो गाडी, माणगावला एसटी गाठून देतो."

मुलगी बॅग घेऊन उठलीसुद्धा. भाऊ म्हणाले, "तुझी भरलेली गाडी कशाला वळवतोस? पुढच्याकडं असंल."

पुढच्याकडे नव्हती. त्याच्या पुढच्याकडेही नव्हती. अख्ख्या लाइनीत दोन-तीन धड चाकं फिरत होती आणि त्यांच्या भरवशावर कुणीच नवं घेतलं नव्हतं. मी ज्याला सहकार म्हणत होतो, तो इतका पातळ होता.

शेवटी मुलीने बापाला न विचारता कोंबड्यांच्या टेम्पोला हात केला आणि पुढे चढून बसली. ती पोचली तेव्हा मैदानाचं फाटक बंद झालं होतं. फाटकावरच्या माणसाने तिचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. ज्या जिल्ह्यात मुलींना परीक्षेला जायला वेळेवर गाडी नाही, तिथे फाटकं मात्र अगदी वेळेवर बंद होतात. यावर मी अजूनही रात्रंदिवस भांडू शकतो. पण भांडून तिचं वय मागे येत नाही.

दोन दिवसांनी सगळे ड्रायव्हर वर्गणी काढून कोरी स्टेपनी घेऊन भाऊंच्या घरी गेले. मीही गेलो. भाऊ ओटीवर बसले होते, उठले नाहीत. मुलगी अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनेच सांगितलं, "ठेवा काका तिथं. मला आता कुठं जायचं न्हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. भाऊंनी मान खाली घातली. त्यांच्या तोंडून तेव्हा एखादी थट्टा निघाली असती, तर आम्ही सगळे सुटलो असतो.

महिन्याभरात त्यांनी व्हॅन विकली. आता ते एका कारखान्याची कामगारांची बस चालवतात. मुलगी श्रीवर्धनच्या एका लॉजवर पर्यटकांना खोल्यांच्या चाव्या देते.

गेल्या आठवड्यात माझ्या दुचाकीचं चाक बसलं. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. लांबून कारखान्याची बस आली. कामगार उतरवून परत निघालेली, पूर्ण रिकामी. काचेतून मला भाऊ दिसले, आणि त्यांनाही मी दिसलो. मी हात वर केला. बस क्षणभर मंदावली. मग त्यांनी गिअर बदलला, नजर समोर ठेवली आणि रिकाम्या बाकांची ती रांग माझ्यासमोरून वेळेवर निघून गेली.