चौऱ्याहत्तरचं पान

अर्जुनी मोरगावच्या तलावाच्या पाळीवर पहाटे फिरायला जाणाऱ्यांना काही वर्षं एक विचित्र मंत्र ऐकू यायचा. बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न, पाच, तीन, पंधरा, चौऱ्याहत्तर. पुढे टेंभरे सर खड्या आवाजात म्हणत आणि मागून आम्ही पाच-सहा पोरं. नवख्या माणसाला तो पाढा वाटे, पण कशाचा पाढा ते कळत नसे. तलावात जाळी टाकायला आलेल्या धीवरांना तो पाठ झाला होता. त्यांची एक म्हातारी तर आमचा मंत्र संपेपर्यंत टोपली डोक्यावर घेत नसे. हा कुठल्या देवाचा जप, असं तिने एकदा विचारलं तेव्हा सरांनी गंभीरपणे वायुदलाचा असं सांगितलं आणि तिने हात जोडले.

टेंभरे सर आमच्या शाळेत भूगोल शिकवत. घरी धानाची शेती होती, काकू होत्या, लेकरं नव्हती. अंगाने काटकुळे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि चालताना मान कायम थोडी वर. आभाळात कुठे घरघर झाली की वर्गातला नकाशा सोडून ते खिडकीशी जात. विमान दिसेनासं झाल्यावरच गंगेचा उगम पुढे सरके. तालुक्यातून एक तरी पोट्टा लढाऊ विमानाचा पायलट व्हावा, ही त्यांची आयुष्यभराची इच्छा होती. स्वतः ते कधी विमानात बसले नव्हते. कोणी ते उणं काढलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे, ‘‘बसलो असतो तर इथं कायले राहिलो असतो?’’

तरुणपणी ते वायुदलाच्या पायलटच्या परीक्षेला बसले होते. लेखी पास झाले, मुलाखतीत पास झाले आणि शेवटी, त्यांच्याच शब्दांत, ‘एका विषयात राहिले’. तो विषय रंगांचा. तपासणीतून बाहेर आल्यावर तिथल्या कारकुनाने ‘कलर में फेल’ एवढंच सांगितलं. सरांनी त्याला तयारी कशी करायची ते विचारलं. कारकून पान चघळत म्हणाला, ‘‘उसकी किताब आती है.’’ त्याने ते थट्टेने म्हटलं की खरंच, देव जाणे. पण सरांनी ते अक्षरशः घेतलं. आपल्याला पुस्तक मिळालं नाही म्हणून आपण नापास झालो, हा त्यांचा सिद्धान्त झाला आणि पुढच्या पिढीचं तसं होऊ द्यायचं नाही, हा निर्धार.

पुस्तक त्यांना बऱ्याच वर्षांनी गोंदियात मिळालं. डोळ्यांचे एक डॉक्टर दवाखाना बंद करत होते, त्यांनी अडगळीतून काढून दिलं. पानापानावर रंगीत ठिपक्यांचं एक वर्तुळ आणि त्या ठिपक्यांत लपलेला आकडा. पहिल्याच पानावर उत्तरं छापलेली. भूगोलाच्या मास्तराला याहून आदर्श पाठ्यपुस्तक ते काय पाहिजे? सरांनी ब्राउन पेपरचं कव्हर घातलं आणि आम्हाला अट घातली, आधी उत्तरं पाठ, मग पुस्तक उघडायचं.

मी त्यांच्या हाती लागलो तो १९९९ चा उन्हाळा. शेजाऱ्याच्या टीव्हीवर बर्फाचे डोंगर आणि त्यांवरून झेपावणारी विमानं दिसत होती आणि आठवीत गेलेला प्रत्येक मुलगा मनातल्या मनात उडत होता. बाकीचे दिवाळीपर्यंत खाली उतरले. मी नाही उतरलो. मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं, हे आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा मी त्यावर जेवत-झोपत होतो.

सरांच्या तयारीला कुठल्याही शास्त्राचा आधार नव्हता आणि सरांना त्याची गरजही वाटत नव्हती. दम वाढावा म्हणून ते आम्हाला आमच्याच तालुक्यातल्या प्रतापगडाची टेकडी चढायला लावत. स्वतः खाली दर्ग्याजवळच्या टपरीवर चहा पीत बसत आणि वर पोहोचल्याची खूण म्हणून आम्ही शर्ट हलवायचा. नजर लांब जावी म्हणून पाळीवरून रेल्वेच्या डब्यांवरचे नंबर वाचायचे. हातापायाचा मेळ बसावा म्हणून धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, सायकल चालवायची. धुरा हातभर रुंद, दोन्ही बाजूंना चिखल, आणि सर मागून वजाबाक्या घालत धावत. उत्तर चुकलं तर चालत असे, पण चिखलात पडलं की धानाची रोवणी करणाऱ्या बायाच आमचा निकाल जाहीर करत.

ठिपक्यांच्या पुस्तकाचं मात्र शास्त्र होतं. पाठांतर झालेल्या मुलासमोर सर पान उघडत आणि त्यावर वेताची छडी ठेवत. एकदा माझ्याबरोबरचा दिनू पटकन म्हणाला, ‘‘सर, आठ दिसते ना.’’ सर खूश झाले. पाठ पक्कं झालं म्हणाले. माझी पाळी आली. मला तिथे तीन दिसत होता. मी तीन म्हणालो. सरांनी शांतपणे पान मिटलं आणि मला ते वाक्य ऐकवलं जे नंतर मी हजारदा ऐकलं, ‘‘दिसते ते सांगू नको. असते ते सांग.’’

मला यात काहीच खटकलं नाही. लष्करात साहेब म्हणेल ते असतं, एवढं तर आठवीतल्या पोरालाही ठाऊक होतं. गणपतीत देव असतो असं मानतात, तसा तीनमध्ये आठ असतो असं मी मानलं. एकोणतीसच्या पानावर मला सत्तर दिसे, चौऱ्याहत्तरच्या पानावर एकवीस. मी डोक्यात जोड्या लावल्या, सत्तर दिसलं की एकोणतीस, एकवीस दिसलं की चौऱ्याहत्तर. वर्षभरात माझ्याइतकं हे पुस्तक कुणालाच येत नव्हतं. दिनू अधूनमधून चुके, कारण तो पाठ न करता नुसता पाहत असे. सर त्याला आळशी म्हणत आणि माझं उदाहरण देत.

एकदा काकूंनी सरांना आणि मला बाजारातून टमाटे आणायला पाठवलं. आम्ही गुरुशिष्यांनी एकेक टमाटा हातात घेऊन, दाबून, निवडून आणला. काकूंनी पिशवी पालथी केली तर अर्धे हिरवे कच्च. ‘‘दोघं दोघं गेले होते अन् एकालेबी दिसलं नाई?’’ त्या म्हणाल्या. सर म्हणाले की आमचं बोलण्यात लक्ष होतं. मीही तेच म्हणालो. आम्हाला दोघांनाही ते खरं वाटत होतं. त्यानंतर काकूंनी आम्हाला भाजीला पाठवलं नाही. सगळ्या निवड मंडळांत त्यांचाच निर्णय सर्वांत आधी आणि सर्वांत अचूक होता, हे मला फार उशिरा कळलं.

बारावीत मी वायुदलासाठीची लेखी परीक्षा पास झालो. म्हैसूरला मुलाखत झाली. तिथे यंत्रावर हातापायाचा मेळ तपासतात. ती चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, नापास झालात की पायलट होण्याचं दार कायमचं बंद. पुण्या-दिल्लीच्या क्लासमधून आलेली पोरं त्या यंत्रासमोर घामाघूम झाली. मला ते धुऱ्यापेक्षा रुंद वाटलं. मी पास झालो. सरांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘आता फक्त रंगाचा पेपर राहिला. तो तर तुझा पाठ हाय.’’

तो पेपर बंगळूरला होता. तपासणीच्या खोलीत तेच पुस्तक. डॉक्टरांनी पानं मागेपुढे करून विचारलं, मी एकही चुकलो नाही. माझ्या जोड्या पक्क्या होत्या. मग त्यांनी मला अंधाऱ्या खोलीत नेलं. समोर एक कंदील, त्यात दोन बारीक दिवे. कोणत्या रंगाचे ते सांगायचं. दिवे बदलत गेले. मला सगळे सारखेच दिसत होते. या कंदिलाचं पुस्तक आमच्याकडे नव्हतं.

डॉक्टर मला पुन्हा उजेडात घेऊन आले. पुस्तक उघडलं आणि खरं काय दिसतं ते सांग म्हणाले. मी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘‘सर, एकवीस दिसतं, पण उत्तर चौऱ्याहत्तर आहे.’’ त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग मला बसवून, चहा मागवून, त्यांनी समजावून सांगितलं. लाल-हिरवा भेद मला जन्मापासून कळत नाही. त्याला औषध नाही, सराव नाही. तो गुन्हाही नाही, पण विमान चालवता येणार नाही. बाकी सगळ्यात मी उत्तम होतो, असं त्यांनी तीनदा सांगितलं. ते एकदाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. खोलीवर येऊन मी उशीत तोंड खुपसून रडलो.

अर्जुनीच्या स्टेशनावर सर घ्यायला आले होते. माझा चेहरा पाहून त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘कोणत्या विषयात?’’

‘‘तुमच्याच,’’ मी म्हणालो.

फलाटावरच्या बाकावर बसून मी त्यांना डॉक्टरांचं सगळं सांगितलं. हा विषय नाही, हे जन्माचं असतं, अभ्यास करून येत नाही. सांगताना मला त्यांचा राग येत होता आणि दयाही येत होती, आणि कुठलं जास्त ते ठरत नव्हतं. गाडी निघून गेली, हमाल निघून गेले. सर सिग्नलकडे पाहत होते. त्यांनी विचारलं, ‘‘चौऱ्याहत्तरच्या पानावर तुले काय दिसते?’’

‘‘एकवीस.’’

‘‘मलेबी एकवीसच दिसते,’’ ते म्हणाले. ‘‘मी कोणाले सांगतलं नाई. मले वाटे, माहा अभ्यास कच्चा हाय.’’

त्या क्षणी माझा राग गेला. या माणसाने आपल्याला न दिसणाऱ्या आकड्यांवर जन्मभर विश्वास ठेवला होता, आणि न दिसण्याचा दोष स्वतःच्या आळसाला दिला होता. अशा माणसावर रागवायचं कसं?

सरांनी वर्ग बंद केला. पाळीवरचा जप थांबला. धीवरांच्या म्हातारीने चौकशी केली म्हणे, की देव पावला की कोपला. मी बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो आणि गोंदियात गणित शिकवू लागलो. गावाबाहेर मुर्रीत घर केलं. जवळच्या बिरसी विमानतळाच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमानं माझ्या छपरावरून जातात. वर पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं. ते फार दिवस टिकलं नाही.

सर निवृत्त झाल्यावर दोन-तीन वर्षांनी त्यांचा फोन आला. एसटीचे ड्रायव्हर रामटेके यांची प्रज्ञा त्यांच्या दारात बसून होती. अकरावीतली मुलगी, पायलट व्हायचं म्हणत होती. मुलींना आधी पदवी घ्यावी लागेल, मग परीक्षा, हे सरांनी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली की मग आत्तापासून सुरू करा. सर मला म्हणाले, ‘‘तू ये. पहिले डोळे पाहू. मले एकट्याले जमत नाई.’’ मी म्हणालो की आपण दोघं मिळून तरी काय दिवे लावणार? ‘‘म्हणूनच ये,’’ ते म्हणाले. ‘‘तिले उत्तर सांगाचं नाई.’’

मी गेलो. सरांच्या ओसरीवर आमचं निवड मंडळ बसलं, पुस्तक माझ्या मांडीवर, उत्तरं उतरवून घेतलेला कागद सरांच्या हातात. दोघांनाही प्रश्न दिसत नव्हते. मी पान उघडायचं, प्रज्ञाने आकडा सांगायचा, सरांनी ताडून पाहायचा. ती न अडखळता सांगत होती. चौऱ्याहत्तरचं पान आलं. ‘‘चौऱ्याहत्तर,’’ ती म्हणाली.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते उठून तिच्याजवळ येऊन बसले. ‘‘कोठी हाय?’’ त्यांनी विचारलं. ‘‘बोट फिरव बरं.’’

तिने बोट फिरवलं. आडवी रेघ, खाली तिरपी, तो सात. मग चार. सरांनी तिच्या बोटामागून आपलं बोट फिरवलं, सावकाश, पाटीवर पहिलं अक्षर गिरवणाऱ्या पोरासारखं. पुन्हा एकदा फिरवायला लावलं. नंतर मीही फिरवलं. प्रज्ञाला काही कळेना. तिला वाटलं, ही परीक्षेचीच पद्धत असेल.

‘‘म्हणजे असते तिथं,’’ सर म्हणाले. ‘‘मले वाटे, हे लोक आपल्याकडून कबूल करून घेतेत.’’

वर्ग पुन्हा सुरू झाला. प्रतापगड, रेल्वेचे डबे, धुऱ्यावरची सायकल. जप मात्र नाही. प्रज्ञा चिखलात आमच्यापेक्षा जास्त वेळा पडली आणि बायांनी तिचे निकाल जास्त प्रेमाने जाहीर केले. पदवी झाली, परीक्षा झाली आणि एके दिवशी ती पेढे घेऊन आली. तोवर सर अंथरुणाला टेकले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कंदिलाचा. दिवे कसे होते, अवघड गेलं का?

‘‘नाही सर, ते सगळ्यात सोपं होतं,’’ प्रज्ञा म्हणाली. ‘‘त्याला काय अभ्यास लागते? नुसतं पाहाचं असते.’’

सर माझ्याकडे पाहून हसायला लागले. मलाही आवरेना. हसता हसता त्यांना ठसका लागला आणि काकू पाणी घेऊन धावल्या. प्रज्ञा बिचारी, आपण काय चुकीचं बोललो या विचारात पेढ्याचा डबा धरून उभी.

सर गेले तेव्हा ती सुट्टी काढून आली. तेरवीच्या आदल्या दिवशी घरात स्वयंपाकाची धांदल होती. काकूंनी मला हाक मारली, बाजारातून टमाटे आणायचे आहेत म्हणाल्या, आणि मी पिशवी उचलली तोच त्यांनी ती माझ्या हातून काढून घेतली.

‘‘तू नको जाऊ, बाप्पा. प्रज्ञाले पाठव.’’

वायुदलाच्या अधिकारीबाई पिशवी घेऊन बाजारात गेल्या. आणलेले टमाटे परातीत ओतले. सगळे लाल होते, असं काकू म्हणाल्या.