ड्रायव्हरसाहेब आणि माझा मुतखडा

आमच्या सासऱ्यांना हळू बोलता येत नसे. मुद्दाम मोठ्याने बोलायचे असं नाही, त्यांना ते खरोखरच जमत नसे. मनमाडच्या शेडमध्ये उमेदवारीला लागल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्यांचा सगळा जन्म वाफेच्या इंजिनांवर गेला. त्या धडधडाटात शेजारी उभ्या असलेल्या फायरमनशी बोलायचं तरी पोटातून आवाज काढावा लागतो. इंजिनं सुटली, आवाज राहिला. त्यात कानही थोडे गेलेले. त्यामुळे आपण कुजबुजतो आहोत अशी त्यांची समजूत असायची तेव्हा पलीकडच्या गल्लीतली माणसं हातातलं काम थांबवून ऐकत असत.

मला याचा पहिला अनुभव मुलगी पाहायला गेलो तेव्हाच आला. नाशिकरोडला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेर मी, माझी आई आणि मामा पोहे खात होतो. अण्णा, म्हणजे माझे होणारे सासरे, आत गेले आणि सासूबाईंच्या कानाशी लागून म्हणाले, "मुलगा सरळ दिसतोय. पण फार हाडकुळा! वारा सुटला तर धरून ठेवावा लागेल!" पोहे माझ्या घशात अडकले. मामा छताकडे बघायला लागले. आणि आतून एका मुलीचं हसू ऐकू आलं, दाबायचा प्रयत्न करूनही फुटलेलं. मी सुमनला होकार दिला तो त्या हसण्यावर. अण्णांनी मला का होकार दिला, हे मात्र मी कधी विचारलं नाही. उत्तर सगळ्या कॉलनीला ऐकू गेलं असतं.

घरात ते अण्णा, कॉलनीत ड्रायव्हरसाहेब. उंच, काळेसावळे, मनगटं माझ्या पोटरीएवढी. निवृत्तीनंतर त्यांनी एक काळी सायकल घेतली होती आणि दिवसाचा बराचसा वेळ ते तिच्यावरच असत. कोथिंबीर आणायला बाहेर पडत आणि दुपारी सिन्नर फाट्याकडून पेरू घेऊन परत येत. कोथिंबीर राहूनच गेलेली असे. सासूबाई चिडल्या की म्हणायचे, "अगं, एक रस्ता दिसला. म्हटलं, बघू कुठे जातो."

एकदा त्यांनी मला याचं कारण सांगितलं होतं. "जावईबापू, इंजिनाला हँडल नसतं, हे कधी लक्षात आलंय तुमच्या? पळवणं आपल्या हातात, थांबवणं आपल्या हातात. वळवणारा मात्र तिकडे सिग्नलच्या केबिनमध्ये बसलेला. मला उभ्या जन्मात कधी वाटेल तिकडे वळता आलं नाही. आता वळतो."

मी सातपूरच्या एका कारखान्यात कारकून होतो. माझं सगळ्यांत अवघड अंगमेहनतीचं काम म्हणजे टाइपरायटरमध्ये पाच कार्बन घालून कागद चढवणं. अशा माणसाची पहिली दिवाळी सासरी होती. आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी अंगाला तेल-उटणं लावून, जावयाला शोभेल अशा ऐटीत पाटावर बसलो होतो. सासूबाई ओवाळायला तबक घेऊन आल्या आणि माझ्या कंबरेत मागून कुणीतरी सुरी खुपसून फिरवली.

आदल्या दिवशीच्या करंज्या असतील, असं आधी वाटलं. मग काहीच वाटायचं थांबलं. मी पाटावरून सरकून न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर आडवा झालो आणि "आई गं!" म्हणून ओरडलो. सासूबाईंना वाटलं त्यांनाच हाक मारली. त्या "इथेच आहे हो, इथेच आहे" म्हणत तबक हातात घेऊन माझ्याभोवती फिरू लागल्या. त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा अण्णांपेक्षा मोठा आवाज निघाला, आणि तो माझा होता.

त्या वेळी रिक्षा मिळणं शक्य नव्हतं. अण्णांनी मला उचललं, शर्ट चढवला, खाली पंचा तसाच ठेवला आणि सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. रस्त्यावर पोरं फटाके लावत होती. प्रत्येक खड्ड्याला मी विव्हळायचो आणि प्रत्येक विव्हळण्यावर अण्णा पुढे गर्जायचे, "बाजूला व्हा! जावई आहे! दिवाळसणाचा आहे!" लोक खरंच बाजूला होत होते. काही हात जोडत होते. बहुधा मी गेलोच असं त्यांना वाटलं असावं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, फोटो काढला आणि सांगितलं, "मुतखडा आहे. लहान आहे, पडून जाईल. भरपूर पाणी पाजा." हे शेवटचं वाक्य त्यांनी अण्णांना सांगायला नको होतं.

पाण्याचं खातं अण्णांनी स्वतःकडे घेतलं. माझ्या उशाशी तांब्याची कळशी आली. कुळथाचं कढण आलं, पानफुटीची पानं आली, कुणीतरी सांगितलेला आणखी कसलातरी काढा आला. मी मोरीकडे निघालो की ओट्यावरून आवाज यायचा, "जावईबापू, झाली का?" मी आतून बारीक आवाजात "झाली" म्हणायचो. त्यांना ते ऐकू जायचं नाही. मग तोच प्रश्न आणखी मोठ्याने, आणि त्याच्या पाठोपाठ "जळजळ आहे का?" दूधवाला माप ओतता ओतता माझी चौकशी करायला लागला. नळावरच्या बायका सुमनला विचारायच्या, "निघाला का गं?" नवी नवरी बिचारी, हंडा भरायच्या आधीच परत यायची.

अखेर एका दुपारी तो निघाला. मी कागदावर घेऊन अभिमानाने बाहेर आलो. अण्णांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला, डोळे बारीक केले. राळ्याच्या दाण्याएवढा खडा होता.

"एवढासाच?" ते म्हणाले.

मलाही तेच वाटलं होतं. निदान हरभऱ्याएवढा तरी असायला हवा होता. माझ्या ओरडण्याची काही इज्जत राहिली असती.

खडा गेला, पण भीती राहिली. आम्ही गंगापूर नाक्याजवळच्या आमच्या भाड्याच्या खोलीवर परतलो. डॉक्टरांनी कामावर जायला सांगितलं होतं, तसा मी जातही होतो, पण एका हाताने कंबर धरून. बसमध्ये चाकावरच्या बाकड्यावर बसायचो नाही. वाकायचो नाही. खालच्या नळावरून पाण्याच्या बादल्या सुमन जिन्याने वर आणायची आणि मी कठड्याला टेकून "सावकाश हं" म्हणायचो. एका संध्याकाळी तिने बादली जिन्यातच ठेवली.

"अहो, एक विचारू? डॉक्टर म्हणतात तुम्ही बरे झालात. तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये का?"

मी म्हणालो, "तुला नाही कळायचं. ज्याचं दुखतं..."

"आता कुठे दुखतंय?"

मला सांगता येईना. ती बादली उचलून वर गेली आणि त्या रात्री आम्ही एकमेकांशी बोललो नाही. नंतरही जेमतेमच. नवी बायको आपल्याला कंटाळत चालली आहे हे दिसत होतं, आणि मी त्यावर उपाय म्हणून आणखी एक तांब्या पाणी पीत होतो.

असाच एक रविवार. थंडीचे दिवस. खालून हाक आली, "जावईबापू!" शेजारच्या तिन्ही गॅलऱ्यांत माणसं आली. खाली अण्णा होते. एका सायकलवर बसलेले आणि दुसरी हँडलला धरून बरोबर चालवत आणलेली, थेट नाशिकरोडपासून.

"चला."

"कुठे?"

"ते आत्ताच कशाला ठरवायचं?"

मी सुमनकडे पाहिलं. तिने दुसरीकडे पाहिलं. मी आत जाऊन, वाटेत घात नको म्हणून, पोटभर पाणी प्यालो, वर आणखी थोडं प्यालो, आणि फाशीला निघाल्यासारखा जिना उतरलो.

गंगापूर रोड तेव्हा नाक्यापुढे शेतातून जायचा. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, मध्येच उसाचा तुकडा, कडेला चिंचेची झाडं. मी रस्त्यावर नजर खिळवून, प्रत्येक दगडाला वळसा घालत, माणूस चालेल त्या वेगाने निघालो होतो. खड्डा दिसला की उतरायचो. अण्णा पुढे जाऊन थांबायचे. बोलले मात्र काहीच नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत ते भीतिदायकच होतं.

सोमेश्वरच्या देवळाअलीकडे ते माझ्या शेजारी आले. "मला सायकल कुणी शिकवली, माहिती आहे?"

"नाही."

"सुमीने. मनमाडला, रेल्वेच्या ग्राउंडवर. मी निवृत्त व्हायला आलेला रेड्यासारखा माणूस, आणि ही एवढीशी पोरगी सीट धरून मागून पळायची. सगळी पोरं हसायची. मी आपला, सुमे सोडू नको, सुमे सोडू नको. एकदा मागे बघितलं तर ही पार तिकडे उभी! कधीची सोडली होती. बघितलं आणि गोलपोस्टवर जाऊन आदळलो. गुडघा फुटला."

"मग?"

"मग काय! पण गोलपोस्टपर्यंत एकटा आलो होतो ना!" मग थोडं थांबून, त्यांच्या मानाने हलक्या आवाजात, म्हणजे शेतातली बाई वर बघेल इतपत, ते म्हणाले, "ती भित्र्या माणसाला हसत नाही, जावईबापू. मला नाही हसली. पण माणूस भीतीला धरूनच बसला की तिचं मन उडतं. माझी पोरगी आहे, मला ठाऊक आहे."

मी पायडल मारत राहिलो. पुढचा खड्डा आला तेव्हा उतरलो नाही. सायकल दणकन आदळली, आणि त्याच क्षणी पोटात खाली कळ आली.

मी सायकल टाकून दिली. "अण्णा! आला! परत आला!"

ते धावत आले. "कुठे? कंबरेत?"

"नाही, खाली. पुढे. फार ताण आलाय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "निघताना पाणी किती प्यालात?"

मी सांगितलं.

"अहो मग जा की! ती बाभूळ दिसतेय ना, तिच्या मागे!"

मी गेलो. तेवढ्यात गिरणारे गावाकडून एसटी आली. रस्त्यात आडवी पडलेली सायकल आणि तिच्याजवळ उभा असलेला हा धिप्पाड म्हातारा पाहून ड्रायव्हरने गाडी थांबवली. "काय बाबा, पडलं का कोणी?"

"नाही, नाही!" अण्णा म्हणाले. "जावई लघवीला गेलेत! मुतखडा होता त्यांना!"

गाडीतल्या सगळ्या माना बाभळीकडे वळल्या. बाभळीला फारशी पानं नसतात, हे तेव्हा मला पहिल्यांदाच जाणवलं. खिडकीतून एका बाईंचा आवाज आला, "आता बरं हाय का त्यांना?"

"जावईबापू!" अण्णा ओरडले. "दुखतंय का?"

आणि मी उभ्या-उभ्या तपासून पाहिलं. दुखत नव्हतं. जळजळ नाही, कळ नाही, काही नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी श्वास न रोखता लघवी करत होतो. समोर उसाच्या शेंड्यांवर ऊन पडलेलं, मागे भरलेली एसटी, आणि मला हसू यायला लागलं. मी मागे न वळता जमेल तितक्या मोठ्याने ओरडलो, "नाही दुखत!"

"लय झ्याक!" एसटीतून कोणीतरी म्हणालं, आणि गाडी गेली.

मग आम्ही पुढे गंगापूर धरणापर्यंत गेलो. येताना रस्ता उताराचा होता. मी पायडल मारायचं थांबवलं आणि सायकल सोडून दिली. गार वारा शर्टात शिरला, द्राक्षांचे मांडव मागे पळायला लागले, खड्डे आले तसे गेले. मी घंटी वाजवत होतो, समोर कुणीच नसताना. मागून अण्णांचा आवाज येत होता, "ब्रेक! जावईबापू, ब्रेक!" मला ऐकू येत नव्हतं अशातला भाग नाही.

घरी आलो तेव्हा सुमन नळावर होती. मी सायकल भिंतीला लावली आणि तिच्या हातातली बादली घेतली. जिन्यात माझ्या मागून येताना ती गुणगुणत होती. दुसऱ्या दिवशी मांड्या अशा धरल्या की तोच जिना मला बसून उतरावा लागला. पण ते दुखणं मी ऑफिसात सगळ्यांना कौतुकाने सांगितलं.

पुढे कितीतरी रविवार आम्ही दोघं असेच फिरलो. सासूबाई वारल्या आणि अण्णा भुसावळला, माझ्या मेव्हण्याकडे राहायला गेले. सायकलही गाडीत टाकून नेली. सन ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात निरोप आला. सकाळी फिरून आले होते, ताक प्यायले, आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

आम्ही भुसावळला गेलो. सुमन रडली नाही. भाकऱ्या करत होती, आल्यागेल्याला पाणी देत होती. मी आपला खुर्च्या इकडून तिकडे हलवत होतो. दहाव्याच्या दिवशी शेजारच्या एक बाई भेटायला आल्या. चांगल्या थोराड, पन्नाशीच्या. पोटाचं मोठं ऑपरेशन झाल्यापासून त्या वर्षभर घराबाहेर पडल्या नव्हत्या. अण्णांनी त्यांना म्हणे सायकलवर बसवलं होतं. बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीच का ते नाशिकचे जावई?"

मी मान हलवली. आता इथेही मुतखडा निघणार हे कळून चुकलं.

"मी घाबरले की काका तुमचंच सांगायचे हो! म्हणायचे, आमचे जावई बघा. पोटात खडा, तरी एका दमात धरणापर्यंत गेले. जरासुद्धा घाबरले नाहीत. असा छातीचा माणूस मी आयुष्यात बघितला नाही."

त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी खरंखुरं कौतुक होतं. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मी सुमनकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती. खूप हसली, आणि हसता हसताच, गेल्या दहा दिवसांत न आलेलं रडू तिला फुटलं.

मी उठून तिच्याजवळ जाऊन बसलो आणि माहेरच्या सगळ्या माणसांसमोर तिचा हात हातात घेतला. त्या बाईंना खरं काय ते मी सांगितलं नाही.