धाकटीचं ओळखपत्र

विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागात सव्वीस वर्षं काम केलेल्या बाईला तिथलं सगळं पाठ असतं. थोरलीला होतं. कोणत्या इमारतीचा जिना निसरडा आहे, मोठ्या सभागृहाचा डावीकडचा माइक कितव्या मिनिटाला घरघरतो, कुलसचिव भाषण किती लांबवतात, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. एकच गोष्ट तिने कधी केली नव्हती. तिथल्या कुठल्याही वर्गात ती बाकावर बसली नव्हती. बारावी आणि टायपिंगच्या जोरावर ती नोकरीला लागली. तेरा वर्षांपूर्वी बहिःस्थ पदवीचा अर्ज भरला, त्याच महिन्यात सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि अर्ज तसाच राहिला. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे, पण विसरलीही नव्हती.

दरवर्षी नवीन विद्यार्थ्यांचं ओरिएंटेशन आलं की पंधरा दिवस विभागात श्वास घ्यायला फुरसत नसे. बाराशे पिशव्या भरायच्या, प्रत्येकीत माहितीपुस्तिका, नकाशा आणि वेळापत्रक टाकायचं. तीस-तीस जणांचे गट पाडून त्यांना वेगवेगळ्या रंगांच्या फिती द्यायच्या. भिंतींवर बाण चिकटवायचे, आणि ते उलटे चिकटवले गेले नाहीत ना हे स्वतः चालत जाऊन बघायचं, कारण एका वर्षी साठ मुलं रसायनशास्त्राऐवजी धोबीखान्यात जाऊन उभी राहिली होती. ओळखपत्रांचं काम मात्र थोरली कुणाच्या हातात देत नसे. मशीनमधून कार्ड आलं की अर्जाशी नाव आणि फोटो ताडून बघायचा आणि मग ते गठ्ठ्यात लावायचं.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना इतिहास विभागाच्या गठ्ठ्यात तिला स्वतःचं आडनाव दिसलं. आडनाव काही जगावेगळं नव्हतं, म्हणून तिने आधी लक्ष दिलं नाही. मग फोटो पाहिला. फोटोत तिची धाकटी जाऊ होती आणि तिने थोरलीचाच निळा स्वेटर घातला होता. मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला जायचंय म्हणून दोन महिन्यांपूर्वी मागून नेलेला.

थोरलीने कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. बीए, पहिलं वर्ष. वय त्रेचाळीस.

दोघी एकाच घरात राहत होत्या. थोरलं कुटुंब वर, धाकटं खाली, स्वयंपाकघर एकच. सकाळी पाचला उठून दोन्ही घरांचे डबे भरणारी ही बाई अर्ज भरते, प्रवेश घेते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. आणि घेते कुठे, तर जिथे आपण सव्वीस वर्षं दुसऱ्यांची नावं लिहीत बसलो तिथेच. थोरलीने पाण्याची बाटली तोंडाला लावली ती संपेपर्यंत खाली ठेवली नाही.

संध्याकाळी घरी गेल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून धाकटीकडे बघत राहिली. धाकटी भाजी चिरत होती, रोजच्यासारखीच. मग थोरलीने सहज विषय काढल्यासारखं करून सांगितलं की यंदा काही मोठ्या वयाची माणसंही आली आहेत, हौस म्हणून, बघू किती दिवस टिकतात. सुरी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू लागली.

रात्रीचं जेवण झाल्यावर थोरलीने नवऱ्याला विचारलं. त्यांना ठाऊक होतं. भावाने सांगितलं होतं, आणि धाकटीला स्वतःच वहिनीला सांगायचंय म्हणून गप्प राहायलाही सांगितलं होतं. पुतण्याला ठाऊक होतं. समोरच्या शिवणकामवाल्या बाईलाही ठाऊक होतं. घरात एकटी थोरलीच कोरी राहिली होती. नवरा म्हणाला की यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे. तिने पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी तिने धाकटीचा पूर्ण अर्ज उघडून पाहिला. खरं तर तसं करायची गरज नव्हती. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव होतं, अर्जावर सासरचं. नाव बदलल्याचा कागद जोडलेला नव्हता. नियम असा होता की तो कागद दाखवेपर्यंत कार्ड द्यायचं नाही. अशी प्रकरणं दरवर्षी वीस-पंचवीस निघत, आणि थोरली प्रत्येकाला स्वतः फोन करून कागद मागवून घेई. मुलं ऐन दिवशी अडकू नयेत म्हणून. त्यासाठी तर विभागात तिचं नाव होतं.

या वेळीही तिने बावीस जणांना फोन केले. तेविसावं कार्ड तिने त्रुटींच्या ट्रेमध्ये सर्वांत खाली सरकवलं. नियम तो नियम, असं ती मनात म्हणाली, आणि तसं म्हणताना तिला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं दुपारपर्यंत टिकलं.

पुढचे दिवस तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. निळ्या फिती हिरव्या गटाच्या पिशव्यांत पडल्या. अधीक्षकांना तिला एकच गोष्ट दोनदा विचारावी लागली. पिशव्या भरता भरता ती इतिहासाचं वेळापत्रक वाचू लागे. सोमवारी दहाला प्राचीन व्यापारी मार्ग, गुरुवारी दोनला वाचनवर्ग. गुरुवारी दोनला आपण काय करत असतो, असा विचार तिच्या मनात येई. आवक-जावक. गुरुवारी दोनला आपण आवक-जावक करत असतो आणि ही वाचनवर्गात बसणार. मग ती त्या पुस्तिका जरा जोरातच पिशवीत कोंबे.

आदल्या संध्याकाळी धाकटी जिना चढून वर आली. हात पुसत दारातच उभी राहिली.

"ताई, उद्या मीपण येतेय तुमच्याकडे. विद्यापीठात. मी प्रवेश घेतलाय." ती थांबली. "आधीच सांगायचं होतं. धीर होत नव्हता."

थोरलीने हातातल्या कपड्यांच्या घड्या करणं थांबवलं नाही. "हो का," ती म्हणाली. "छान केलंस. नऊला ये. कार्ड तिथेच मिळेल."

कार्ड तिथे मिळणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. वाक्य तोंडातून गेल्यावर तिच्या कानशिलांना गरम वाफ लागल्यासारखं झालं, पण तिने ते मागे घेतलं नाही. धाकटी हसून खाली गेली, आणि जिन्यावरच्या तिच्या पावलांत असा हलकेपणा होता की थोरलीला तोही सहन झाला नाही.

सकाळी थोरली पहिल्या बसने गेली. नऊच्या आत सभागृहाबाहेर रांगा लागल्या. पाच टेबलं होती, आणि सहावं जरा बाजूला, त्यावर 'अडचणी' अशी पाटी. तिथे थोरली कार्डांचं मशीन घेऊन बसली होती. अठरा-अठरा वर्षांची मुलं, कानात तारा, आईबाप मागे. त्यांच्यात धाकटी दिसली. केस नीट बांधलेले, नवी पिशवी छातीशी धरलेली, एखाद्या आजारी माणसाला भेटायला आल्यासारखी गंभीर. तिसऱ्या टेबलावरच्या मुलीने गठ्ठा तीनदा चाळला, मान हलवली आणि सहाव्या टेबलाकडे बोट केलं.

धाकटी समोर येऊन उभी राहिली. थोरलीने काही विचारायच्या आत तिने पिशवीतून फाइल काढली. लग्नाच्या नोंदणीचा दाखला, मूळ प्रत आणि झेरॉक्स.

"हा लागणार ना," ती म्हणाली.

"तुला कोणी सांगितलं?"

"चार दिवसांपूर्वी मी चौकशीच्या नंबरवर फोन केला होता. तुम्हाला त्रास नको म्हणून. तिथल्या मुलीने सांगितलं की कागद नाहीये, कार्ड मॅडमनी बाजूला ठेवलंय, मॅडम सगळ्यांना फोन करतात, तुम्हालाही करतील." धाकटीने झेरॉक्सचा कोपरा सरळ केला. "मी वाट पाहिली. मग काल वर आले."

म्हणजे काल दारात उभी असताना तिला सगळं ठाऊक होतं. थोरलीने दाखला घेतला, नोंद केली, ट्रेच्या तळाचं कार्ड काढलं. पण ते द्यायला तिचा हात पुढे होईना.

"मी मुद्दाम ठेवलं होतं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"माहीत आहे."

"मला तुझा हेवा वाटला. अजूनही वाटतोय."

धाकटीने मागे पाहिलं. मागे एक बाप मुलाच्या फोटोची तक्रार घेऊन उभा होता, तो उगाच नकाशा वाचू लागला. धाकटी टेबलावर जरा वाकली.

"ताई, वीस वर्षं मी तुमचा डबा भरतेय. वीस वर्षं तुम्ही पर्स खांद्याला लावून निघालात की मला एकच वाटायचं, आज ह्यांची बस चुकावी. रोज. एक दिवस तरी ह्यांनी परत फिरावं आणि खरकटी भांडी बघावीत." ती थांबली. "म्हणून तर सांगायचा धीर होत नव्हता. तुम्हाला काय वाटेल ते मला बरोबर कळत होतं."

वीस वर्षांत आपण एकदाही तो डबा कुणी भरला याचा विचार केला नाही, हे थोरलीला त्या गर्दीत, त्या पाटीखाली बसून समजलं, आणि समजल्याने हेवा काही कमी झाला नाही. फक्त त्याच्या शेजारी लाज येऊन बसली. तिने कार्डाला फीत लावली आणि ते पुढे केलं.

"निळा गट," ती म्हणाली. "मधल्या दरवाजाने जा. डाव्या बाजूला बसू नकोस, माइक घरघरतो."

दुपारपर्यंत तिला उसंत नव्हती. कुलसचिवांचं भाषण चालू असताना ती पाणी ठेवायच्या निमित्ताने मागच्या दाराशी गेली. धाकटी उजवीकडे चौथ्या रांगेत होती. शेजारच्या मुलीने तिला काहीतरी विचारलं, तिने पुस्तिका उघडून दाखवली, दोघी हसल्या. थोरलीच्या मनात हेव्याची कळ आली. ती ओळखीची होती, आठ दिवसांची. ती तिथेच उभी राहिली आणि भाषण संपायच्या आत निघून गेली.

घरी महिनाभर दोघींचं बोलणं कामापुरतंच चालू होतं. मीठ संपलं, गॅस आला, इतपत. सोमवारी आणि गुरुवारी दोघे भाऊ स्वयंपाक करू लागले, आणि ते काय करत ते सगळे निमूटपणे खात. थोरली आता स्वतःचा डबा स्वतः भरू लागली होती. कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी झाकण घट्ट लागलं नाही आणि भाजीचं तेल आवक-जावकच्या फाइलवर सांडलं. ऑफिसातल्या कुणीतरी विचारलं की तुम्हीपण का नाही घेत प्रवेश. निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, बघू, असं सांगून तिने विषय बदलला.

एका गुरुवारी दोघींना परतीची एकच बस मिळाली. बसायला शेजारीशेजारी जागा होती, तेव्हा बसावंच लागलं. धाकटीच्या मांडीवर वही होती, कडेने पेन्सिलीच्या खुणा केलेली. दोन थांबे गेले. मग धाकटी आपणहून सांगू लागली की आज सरांनी एका व्यापाऱ्याची पत्रं वाचून दाखवली, हजार वर्षांपूर्वीची. त्याचं जहाज बुडालं, माल गेला, आणि घरी लिहिताना त्याने ते सांगितलंच नाही, नुसतं हवापाण्याबद्दल लिहिलं.

थोरली खिडकीबाहेर बघत होती. ऐकायचं नव्हतं तिला. धाकटीने तिच्याकडे पाहिलं आणि वही मिटून पिशवीत ठेवू लागली.

"मग?" थोरली खिडकीकडे बघतच म्हणाली. "घरच्यांना कळलं का पुढे?"