आमच्या गल्लीत ताप नाय

एसटी हलत नव्हती आन् पोरीची मान माझ्या हातावर टिकत नव्हती. वडखळचा नाका, पुढं ट्रकच ट्रक, आन् ही डोळे वर करतेय. मी ओरडले, "अहो काका, काय तरी करा, गाडी काढा!" तर कंडक्टर बोलला, "ताई, मी काय विमान चालवतो काय?" आन् लगेच त्याचं त्यालाच कसंतरी झालं, आपली पाण्याची बाटली काढून दिली, बोलला डोक्यावर थापा. मी थापलं. ओठाला पाणी लागलं तशी ती चाटायला लागली, आन् मी रडायला लागले, सगळी गाडी बघतेय आन् मी रडतेय.

तुम्ही बोलाल, पेणात दवाखाना नाय काय? हाय की. आमच्या खोलीपासून चालत जाता येईल येवढा जवळ हाय. पण आमच्यात पोर आजारी पडलं की बाई माहेरची गाडी पकडते. कुणी ठरवलेलं नाय हे, पण तसंच चालतं. माझा नवरा कंपनीत, कधी फर्स्ट शिफ्ट तर कधी सेकंड. सासू गावाला, भातलावणीत. पोरीला ॲडमिट केली तर डबा कोण आणणार? मी जरा बाथरूमला गेले तर तिच्याजवळ कोण बसणार? माझी आई रोह्याला. म्हणून रोहा. आमच्या गल्लीतली कुठलीबी बाई हेच करील, कुणी कासूला जाईल, कुणी खांबला, जिचं जिथं माहेर तिथं.

रोह्याला दवाखान्यात आई आधीच येऊन उभी होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डेंग्यू बोलले, लगेच सलाईन लावलं. मी भिंतीला टेकून बसले. नर्सनं विचारलं राहायला कुठं, तर मी तोंड उघडायच्या आधी आईच बोलली, "इथंच, माझ्याकडं." आन् आपल्या आळीचा पत्ता दिला. आईचं तसंच असतं. लेक पोराला घेऊन दारात आली की ती पेणची, पाहुणी, असं सांगायचं तिच्या जिवावर येतं. मलाबी त्यात काय वावगं वाटलं नाय. पोर वाचू दे येवढंच चाललं होतं माझं, पत्ता कसला घेऊन बसलात.

पोर वाचली. भाताची पेज प्यायली, मग आजीच्या फोनवर कार्टून लाव म्हणून भांडायला लागली तवा मला खरं वाटलं. निघताना डॉक्टर बोलले ते मात्र माझ्या छातीत बसलं. बोलले, "एकदा होऊन गेला म्हणजे सुटलात असं नाही. दुसऱ्यांदा झाला तर जास्त जड जाऊ शकतो. घराजवळ पाणी साचू देऊ नका."

आता आमच्या खोलीच्या मागं काय हाय ते सांगते. गणपतीचा कारखाना. मीबी तिथंच जाते, मूर्ती घासायला, पॉलिश पेपरनं. फुटके साचे, रंगाचे डबे, सगळं मागच्या भिंतीला टाकतात, आन् ते पावसानं भरतं. मी वाकून बघितलं तर अळ्याच अळ्या, वळवळ वळवळ. मी डबे पालथे केले तर दुसऱ्या दिवशी दुसरे आणून टाकलेले. मालकाला बोलले, तर बोलतो, "सणापर्यंत दम धर गो, मग सगळं उचलतो." सणापर्यंत डास दम धरणार हायत काय?

त्यात आईचा फोन. "अगो, आमच्याकडं डासांचा धूर मारून गेले! चांगली माणसं हो. घराघरात जाऊन पाण्याच्या टाक्या बघितल्या. तुझ्या बापाला खोकला लागलाय नुसता." ती खूष होती. माझं डोकं फिरलं. आईच्या अंगणात डबडं नाय की डबकं नाय, ती सकाळ-संध्याकाळ झाडून काढते, आन् धूर तिच्या दारात? पोरीला डास चावला तो माझ्या दारात ना!

मी तशीच कारखान्यातनं उठले, हाताला मातीच लागलेली, आन् पालिकेच्या ऑफिसात गेले. तिथं एक मॅडम काम्प्युटरवर बसलेल्या. माणूस वाईट नव्हतं, मला खुर्ची दिली. मी बोलले धुराचं मशीन पाठवा. त्यांनी काय तरी दाबलं आन् स्क्रीन माझ्याकडं फिरवला. पेणचा नकाशा. कुठं लाल, कुठं पिवळा, कुठं हिरवा.

"ही तुमची गल्ली. हिरवी आहे."

"हिरवी म्हणजे?"

"म्हणजे ताप नाही. आणि पुढेही वाढेल असं दिसत नाही."

"कुणाला दिसत नाय? मॅडम, माझी पोर मरता मरता वाचली."

"कुठे दाखवलंत?"

"रोह्याला."

त्यांनी नकाशा सरकवून रोहा दाखवलं. मग मला समजावून सांगितलं, आन् मी आठवी झालेली, तरी कळलं. दवाखान्यात ताप आलेल्या माणसाचा जो पत्ता लिहितात तो ह्या नकाशात येतो. मग पाऊस किती, गेल्या वर्षी ताप कुठं होता, असं सगळं धरून काम्प्युटर आधीच सांगतो की आता कुठं वाढंल. मशीन एकच, माणसं कमी, म्हणून लाल असंल तिथं आधी पाठवतात. माझ्या पोरीचा ठिपका आईच्या आळीत पडलेला. "हे सगळ्यांसाठी उघडं आहे," त्या बोलल्या, "तुमच्या मोबाईलवरपण बघता येईल." म्हणजे बघा. अमेरिकेतल्या माणसालाबी बघता येतंय की आमच्या गल्लीत ताप नाय.

मी बोलले, "मी सांगतेय ना हाय म्हणून. करा लाल."

"रंग मी नाही हो बदलत, आकड्यांवर बदलतो. तुम्ही रोह्याला जाऊन पत्ता बदलून घ्या. पण एका नोंदीने गल्लीचा रंग बदलेलच असं नाही. बाकी कुणाची मुलं आजारी होती का?"

आन् मग माझ्या डोक्यात लख्ख झालं. कोपऱ्यावरच्या बाईचा मुलगा, तो खांबला मामाकडं पडून होता. पिठाच्या गिरणीवाल्याची सून जुळ्यांना घेऊन नागोठण्याला गेलेली. सगळ्या माहेरी. आन् तिथं सगळ्यांच्या आया आपलाच पत्ता सांगणार, "इथंच, माझ्याकडं". आमच्या गल्लीचा ताप सगळा रायगडभर वाटला गेला होता, आन् गल्ली हिरवीगार!

मॅडम बोलल्या, "तुमचा अर्ज घेते मी, वर सांगते. पण पुढच्या वेळी कुणाला ताप आला तर इथेच दाखवा."

"पुढच्या वेळी? पुढची वेळ येऊ नये म्हणून तर मी आलेय ना!"

त्यांनी अर्जाचा कागद पुढं केला. घरी आले तर नवरा बोलतो, "सरकारचा काम्प्युटर हाय तो, तू काय त्याला हरवणार?" मी बोलले मला हरवायचा नाय, मला दाखवायचंय. तो हसला आन् आंघोळीला गेला. तो शिफ्टला गेला की दिवसभर मी आन् पोर, आन् डास. मच्छरदाणी लावली तरी पोर काय मच्छरदाणीत बसून ऱ्हाते? दारात खेळायला पळते. मी तिला लांब बाह्यांचा झगा घालते, ती काढून टाकते, बोलते गरम होतं आई. मी मारलंबी तिला. मग तिच्या पायावरचे फोड मोजत बसते, हा जुना, हा नवा.

मी गल्लीत सगळ्यांना सांगत सुटले, पेणातच दाखवा, पत्ता हितला द्या. शेजारची काकी बोलली, "आता ही नगरसेवक होणार." हसल्या सगळ्या.

आन् मग समोरच्या खोलीतल्या पोरीच्या बाळाला ताप आला. पोरगीच ती, माझ्यापेक्षा लहान, पहिलटकरीण. माझ्याच बाजूला बसून मूर्ती घासते. सकाळीच बघते तर बाळ खांद्यावर, हातात पिशवी, कासूला निघालेली. मी धावले. पिशवीच धरली तिची.

"जाऊ नको गो. पेणला दाखव. नोंद होऊ दे, मशीन येईल."

"सोड. गाडी चुकंल माझी."

"अगो, समजून घे ना! तू गेलीस तर परत गल्ली हिरवी."

"हिरवी ऱ्हाऊ दे नायतर निळी! माझ्या पोरानं तुझ्या नकाशासाठी थांबायचं काय? तू गेलीस ना रोह्याला तवा?"

"तवा मला ठाव नव्हतं."

"आन् आता ठाव हाय. आज तुझ्या पोरीला ताप आला तर थांबशील हितं?"

मी पिशवी आणखी घट्ट धरली. मग मी बोलले, "मी येते तुझ्याबरोबर. डबा मी आणीन, रात्री मी बसेन. आई करील ते सगळं करीन."

ती थांबली. खरंच थांबली. बाळ कण्हत होतं, तिनं त्याच्या कपाळाला गाल लावून बघितला. मग हळूच बोलली, "तू चांगली हायस गो. पण माझी आई नायस." आन् रडायला लागली.

माझी पोर मागं दारात उभी, उघड्या पायांनी, पिंडरी खाजवत. एवढंसं बाळ पुढ्यात. दवाखाना हाकेच्या अंतरावर. आन् पिशवीचा एक बंद तिच्या हातात, एक माझ्या.

मी सोडला. नुसता सोडला नाय, रिक्षा बोलावली, तिला बसवली, रिक्षावाल्याला बोलले स्टेशनला लवकर सोड. बाळ बरं झालं तिचं, तिच्या आईनं केलं सगळं. कासूला त्याचा ठिपका पडला असंल. मी मोबाईलवर बघितलं, आमची गल्ली हाय तशीच हाय, हिरवी. मागच्या साच्यांत पाणी हाय. पोर आता झोपलीय, मी तिच्या अंगावरनं पदर फिरवत बसलेय.

तुम्ही शिकलेले हायत, म्हणून विचारते. तो बंद तुमच्या हातात असता, आन् तुमची पोर अशी दारात उभी असती, तर तुम्ही सोडला असता काय?